हानूलची हरवलेली झुंज

१

या चोरीतून कुणाला काय मिळणार होतं, याचा हिशेब झुंबरराव देवऱ्यांनी समोरचा चहा निवायच्या आत मांडला, आणि बाकी शून्य आली. शून्य बाकी त्यांना कधीच आवडली नव्हती. एका मोठ्या कारखान्याच्या दक्षता विभागात त्यांची हयात गेली होती. तिथे पितळेचा तुकडा नाहीसा झाला, तरी भंगारवाल्याच्या तोंडावर थोडी चकाकी यायचीच. चोरी झाली की कुणाचं तरी पोट वर येतं, एवढं साधं गणित. इथे मात्र सगळ्यांचीच पोटं पाठीला लागलेली.

समर्थ मंडलिकचं घ्या. स्टुडिओतली सगळी यंत्रं त्याच्या ताब्यात. सिनेमा पुरा झाला तर पडद्यावर त्याचं नाव येणार, बुडाला तर त्याला कोण विचारतो? शुभांगी विसपुते कामाचं वेळापत्रक बघायची. तिला हैदराबादहून बोलावणं आलेलं, पण 'हातातलं काम तडीस नेऊन या' या अटीवर. मालक ज्ञानेश मौले याने या कामापायी स्वतःचं लग्नच लांबणीवर टाकलेलं. राहिली रोशनी गावित, सुरगाण्याकडची. सिनेमातली जी झुंज गेली, ती तिनेच घडवलेली. आपलंच पोर कुणी विहिरीत ढकलतं का?

तरीही झुंज गेली होती.

२००६ सालचा दसरा नुकताच झालेला. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत खाली ज्ञानेशच्या वडिलांचं, म्हणजे झुंबररावांच्या शाळासोबत्याचं, वर्कशॉप आणि वर ज्ञानेशचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ. कॉलेज रोडच्या पार्लरमध्ये पोरं तास बुडवून 'थंडर क्लॅन' नावाचा मारामारीचा गेम खेळायची, त्याचे एकामागून एक भाग निघालेले. आता कोरियातली कंपनी त्यावर अख्खा कॉम्प्युटरवर बनवलेला सिनेमा काढत होती, आणि त्यातली शेवटची झुंज, म्हणजे सिनेमाचा जीवच, नाशिकला करायला दिलेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस ती बघायला आला. समर्थने सकाळीच फोनवर घाबरवलं होतं, तरी वेड्या आशेने ज्ञानेशने दिवे मालवले, बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. सगळं काम ज्या मोठ्या यंत्रात साठवायचं तो सर्व्हर धुऊन काढल्यासारखा कोरा होता. जपून ठेवलेली दुसरी प्रतही सापडेना.

ती प्रत रोशनीकडे असायची.

"काका, उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो," ज्ञानेश म्हणाला. "मग तिच्या नावाने चोरीची फिर्याद देतो. मला दुसरा रस्ता नाही."

"रस्ता नाही म्हणतोस आणि त्याच्यावर गाडी घालून बसलायस की," झुंबरराव म्हणाले, आणि कप ठेवून उठले.

२

समर्थ बोलायला गोड आणि कपड्यांना नीटस. टेबलावरची पेन्सिलसुद्धा कडेला समांतर ठेवणारा.

"त्या दिवशी पहिला कोण आला?"

"मीच, काका. पाहुणे यायचे होते म्हणून लवकर आलो. स्क्रीन लावली तर आत काहीच नाही! पायाखालची जमीनच सरकली. तडक ज्ञानेशला फोन केला. कशालाही हात लावला नाही."

"कशालाच नाही?"

"असल्या वेळी लावायचा नसतो. आम्हाला शिकवतात तसं."

"छान शिकवतात. आणि दुसरी प्रत?"

"ती रोशनीची जबाबदारी. इथे आग लागली, पाणी शिरलं, तर एक प्रत बाहेर असावी म्हणून ती डिस्क रोज घरी न्यायची. सणाला गावी गेली ती घेऊनच गेली असेल."

"असेल," झुंबररावांनी तो शब्द सुपारीसारखा तोंडात घोळवला.

शुभांगीने मात्र त्यांना बसूही दिलं नाही. "हैदराबादचं विचारणार असाल ना, तर सांगते. हो, बोलावणं आहे. आणि आता ते गेल्यात जमा आहे. अजून काही?"

"मी पूजेचं विचारणार होतो, बाई."

शुभांगीला हसू आलं. "पूजा म्हणजे काय, बाबांचं राज्य! ज्ञानेशचे वडील हो. खंडेनवमीला हत्यार चालवायचं नाही, पूजायचं. खाली लेथ बंद, तर वर कॉम्प्युटर बंद. कीबोर्ड, पंखा, झेरॉक्स, काही सोडलं नाही त्यांनी. माझ्या स्टेपलरलासुद्धा कुंकू! वर आणि पुसायचं नाही म्हणाले, आपोआप जाऊ द्यायचं."

"आणि त्या सकाळी समर्थच्या मागोमाग तू आलीस?"

"हो. जिन्यातच भेटला. मिसळ खाऊन आलेला, माझ्यासाठी पार्सलही आणलं होतं, जादा तर्री घालून. मग आम्ही दोघं वर आलो, आणि थोड्या वेळाने त्याने बोंब ठोकली."

झुंबररावांनी मनात हिशेब लावला. सबंध सिनेमा बुडालेला पाहून माणूस तडक फोन करतो हे खरं. पण मध्ये मिसळ खाऊन, वर जादा तर्रीची आठवण ठेवून?

ते हॉलभर फिरले. झेंडूची फुलं सुकून तांबूस पडली होती. प्रत्येक पडद्याच्या कपाळी हळदकुंकू होतं, पाण्याच्या यंत्राला होतं, दरवाजाच्या कुलपालाही होतं. कोपऱ्यात काचेच्या खोलीत सर्व्हर उभा होता. ज्याची पूजा सगळ्यात आधी व्हायला हवी, त्याचंच तोंड लख्ख पुसलेलं होतं.

३

रोशनी पेठ रोडला एका खोलीत राहायची. तिची आई भागीबाई गावाहून सोबत आलेली, भिंतीला टेकून नागली पाखडत बसली होती. झुंबररावांना पाहून तिने सूप बाजूला ठेवलं नाही.

"डिस्क कुठं आहे, पोरी?"

"समर्थ सरांना दिली. नवमीच्या आदल्या दिवशी. त्यांनीच मागितली."

"कशाला?"

"कंपनीनं चित्र मोठं मागितलं व्हतं. सर म्हणले, सर्व्हरात जागा पुरत नाय, तुझी डिस्क लावू आत. सण झाला की नवी आणून देतो."

"काही सही? चिठ्ठी?"

रोशनीने त्यांच्याकडे पाहिलं. "साहेबाकडं सही मागायची, काका? तुमी मागितली असती?"

झुंबररावांनी नोकरीतली वर्षं आठवली आणि पुढचा प्रश्न घेतला.

"त्या झुंजीत एवढं काय होतं? कंपनीवाला म्हणे बघायला उतावीळ झालेला."

उत्तर सुपाआडून आलं. "माझा काळू व्हता त्यात."

मग रोशनीने सांगितलं. गेममधले सगळे लढवय्ये जुने. त्यांची उभं राहायची ढब, लाथ, उडी पोरासोरांना पाठ. हानूल मात्र सिनेमासाठी नवा घडवायचा होता. हा डोंगरातला पोर, याला उस्तादच नाही. त्याला लढायला कसं लावावं कुणाला सुचेना. रोशनीने लग्नं शूट करणाऱ्या एकाचा कॅमेरा मागून आणला, आणि भावाला भाताच्या बांधावर उभं केलं. हातात कोयता, पायाखाली चिखल. घसरत्या बांधावर काळू तोल सावरत जसा वळायचा, आधी अंगठा रुतवून, मग सबंध अंग सैल सोडून, तसाच हानूल वळायला लागला. कोरियावाले खूश झाले. पुढच्या गेममध्ये हानूलला घेऊ म्हणाले.

"म्हणजे कुठंबी कोण पोरगं बटण दाबंल, आन काळू वळंल," रोशनी म्हणाली.

"काळू कुठे असतो आता?"

सूप थांबलं.

"फाल्गुनात गेला. द्राक्षाच्या कामाला चालले व्हते, टेम्पो उलटला," रोशनी म्हणाली. "त्याचा फोटो बी नाय, काका. एक हाय रेशनकार्डासाठी काढलेला, त्यात डोळे मिटलेत. ती टेप कॅमेरावाल्याची व्हती. त्यानं तिच्यावर कुणाची तरी हळद घेतली. मी सर्व्हरात उतरवून ठेवली व्हती तेवढीच."

झुंबरराव उठले. दारापर्यंत रोशनी आली.

"चोर म्हणू द्या त्यांना. पण तो सापडंल का, एवढं सांगा."

४

"ये झुंबऱ्या! म्हातारपणी कॉम्प्युटर शिकायला आलास का?"

खंडेराव मौले ड्रिल मशीनपाशी स्टुलावर बसले होते. मखमलाबादला फुलांचा मळा असलेलं घर, पण हा गडी तरुणपणी लोखंडात शिरला तो शिरलाच. दोघे एका शाळेत, एका बाकावर शिकलेले.

"तू एवढा शिकवणारा असल्यावर येणारच. वर पूजा तूच सांगितलीस म्हणे."

"मग कोण सांगणार? ही पोरं डब्यावर फूल ठेवून मोकळी होत होती. मी म्हटलं, अरे, ड्रिलची पूजा करताना आपण मशीनची करतो का? आतलं बिट बाहेर काढून पाटावर मांडतो. कापतं ते हत्यार. तुमच्या यंत्रातलं हत्यार कुठंय, ते काढा बाहेर. मग समर्थनं त्या सरकत्या डिस्का काढून दिल्या."

"आणि तू त्या पाटावर मांडल्यास."

"एकीला एक लावून. प्रत्येकीवर वेगळं काय काढायचं, म्हणून चौघींवर मिळून एकच मोठं स्वस्तिक काढलं. कुंकू कालवून, बोटानं. असलं देखणं उतरलं, झुंबऱ्या!"

"चौघींवर?"

"हां. ज्ञान्यानं घेतल्या तेव्हा तीनच होत्या, चौथ्या खोबणीवर नुसतं झाकण. यंदा चौथी आली. म्हटलं, चला, पोराचं हत्यार वाढलं."

म्हणजे रोशनीची डिस्क गावाला गेलीच नव्हती. नवमीच्या दिवशी ती या पाटावर होती.

"आणि दसऱ्याला परत कुणी बसवल्या?"

"मीच. उत्तरपूजा झाली, पोरं सोनं वाटायला पांगली. हत्यार उघड्यावर कसं ठेवायचं? चारच तर खोबण्या, कुठली कशातबी बसते. खट् खट् बसवल्या आणि कुलूप लावलं." खंडेरावांनी मान वर केली. "का रे? तोंड का पडलं तुझं?"

५

दुसऱ्या दिवशी दुपारी झुंबररावांनी सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. रोशनीला दाराशी उभं केलेलं, जणू तिची सावलीही यंत्रावर पडायला नको. खंडेराव न बोलावता जिना चढून आले.

"समर्थ, त्या चार डिस्का काढ आणि ज्या क्रमाने आत होत्या तशाच टेबलावर मांड."

समर्थने मांडल्या. आज त्या टेबलाच्या कडेला समांतर नव्हत्या.

"समोरून पुसल्यात. पण फडकं कडांच्या फटीत जात नाही." झुंबररावांनी चष्मा चढवला. कडांवर कुंकवाच्या बारीक रेघा होत्या. पहिलीच्या कडेची रेघ दुसरीच्या रेघेला भिडत नव्हती. त्यांनी दुसरी आणि चौथी यांची अदलाबदल केली. रेघा जुळल्या.

"ज्ञानेश, क्रम चुकला तर काय होतं?"

ज्ञानेशचा चेहरा उतरला होता. "सिनेमाचे तुकडे आळीपाळीने सगळ्या डिस्कवर ठेवलेले असतात, काका. सुट्या पानांच्या पोथीसारखं. क्रम चुकला तर यंत्राला वाचता येत नाही. पण पुन्हा नीट लावल्या की येतं. त्याने काही पुसलं जात नाही."

"मग पुसलं कशाने?"

झुंबरराव टेबलाला टेकले.

"मी सांगतो, चुकलो तर थांबवा. इथे चोराच्या फायद्याचं काहीच नव्हतं, म्हणून मला वाटलं, ही चोरी नाही, झाकपाक आहे. समर्थ म्हणतो, मी पहिला आलो आणि कशाला हात लावला नाही. शुभांगीताई, तू वर आलीस तेव्हा सर्व्हरला कुंकू होतं?"

"नव्हतं. मी मनात म्हटलं, बरं झालं, पाहुण्यांना दिसायला नको."

"झाडणारी बाई सणाच्या सुट्टीवर. दसऱ्याला कुलूप खंडूने लावलेलं. मग सकाळी पहिल्याने आलेल्याशिवाय पुसणार कोण? आणि सिनेमा गेलेला पाहून कुणी मिसळीचं पार्सल बांधून घेत नाही. म्हणजे मिसळीला जाताना तू निर्धास्त होतास, समर्थ. सगळं ठीक चाललंय असं तुला वाटत होतं. काय चाललं होतं?"

समर्थने चष्मा काढला आणि पुसायला लागला. पुसतच राहिला.

"ते लाल भडक दिसत होतं," तो शेवटी म्हणाला. "कोरियाचा माणूस येणार, आणि सर्व्हरवर फराटे! मला लाज वाटली. पुसून टाकलं. डिस्का आत होत्या. मला वाटलं ज्ञानेशने बसवल्या, त्याला क्रम ठाऊक आहे. चालू केलं तर यंत्राने विचारलं, डिस्का नव्या दिसतात, तयार करून घेऊ का? एक डिस्क मी नुकतीच घातली होती, मला वाटलं तिचंच विचारतंय. मी हो म्हटलं. टक्के सरकायला लागले. म्हटलं, तपासतंय. तेवढ्यात मिसळ खाऊन येऊ."

"आणि ते तपासत नव्हतं."

"ते शून्यं भरत होतं, काका. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

खंडेराव पुढे आले आणि टेबलावरच्या डिस्का हात न लावता बघत राहिले.

"म्हणजे माझ्या हातानं..."

"तू पानं उलटसुलट लावलीस, खंडू. पोथी जाळली याने." झुंबरराव समर्थकडे वळले. "आणि तुझी लाज केवढ्याला पडली बघ. ते स्वस्तिक राहू दिलं असतंस, तर यंत्र चालू करायच्या आधीच मोडलेलं दिसलं असतं. म्हाताऱ्याने चूक केली होती, पण चुकीवर खूणही करून ठेवली होती. तू खूण पुसलीस आणि चूक ठेवलीस."

दाराशी रोशनी होती. "सर, माझी डिस्क बी त्यातच?"

समर्थने खाली पाहून मान हलवली.

"परत नाय येणार?"

"नाही."



६

रहस्य उलगडलं की लोकांना हलकं वाटतं, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी करार वाचलेला नसतो.

"काका, तुमचे उपकार," ज्ञानेश बाहेरच्या खोलीत म्हणाला. "पण हे असं लिहून पाठवलं तर मी संपलो. करारात आहे, चोरी झाली तर मुदत वाढवून मिळते. आपल्या निष्काळजीपणाने गेलं तर काम काढून घेतात. इथली सगळी पोरं रस्त्यावर येतील."

"म्हणून एक पोर आधीच रस्त्यावर काढायची?"

"मला चोर लागतो, काका. कुणीतरी."

"समर्थला कर. तो निदान थोडा तरी शोभेल."

"मग झुंज परत कोण उभी करणार? यंत्रं त्याच्याशिवाय कुणाला येतात?"

झुंबररावांनी पाहिलं, की हा मुलगा दुष्ट नाही. बुडणारा आहे, आणि हाताला जे लागेल ते धरतो आहे. दुष्टाशी भांडता तरी येतं.

रोशनी केव्हा येऊन उभी राहिली कळलं नाही. "मुदत मिळंल ना, सर? मग लिहा माझं नाव."

"पोरी, गप बस," झुंबरराव म्हणाले.

"नाय काका. काम गेलं तर हानूल बी गेला. मुदत मिळाली तर मी पुन्हा करीन. काळूचं वळणं डोळे मिटून येतं मला. अजून येतं. उशीर झाला तर विसरंल." ती ज्ञानेशकडे वळली. "फक्त मला करू द्याल ना?"

"थोडं निवळू दे," ज्ञानेश म्हणाला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "मग मागच्या दाराने घेतो तुला. शब्द देतो."

झुंबररावांनी खरं काय ते एका कागदावर लिहिलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. ज्ञानेशने तो हात जोडून परत केला. त्यांनी स्वतः तो कंपनीला पाठवला असता, पण रोशनीने त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "काका, तेवढी एकच वाट ऱ्हायली. ती बी बुजवू नका." कागद खिशात घालून ते जिना उतरले. खाली खंडेराव बंद ड्रिलपाशी बसले होते.

ज्ञानेशने रोशनीच्या नावाने फिर्याद दिली, आणि मुदत मिळाली. तिच्यासोबत कंपनीचं एक ओळीचं पत्र आलं: चोरी करणाऱ्या व्यक्तीला या कामाच्या आसपासही येऊ देऊ नये. मागचं दार, पुढचं दार, दोन्ही एकाच ओळीत बंद झाली. ज्ञानेशने रोशनीला बोलावून हे सांगितलं तेव्हा तो रडला म्हणतात. ती रडली नाही. तिने विचारलं, "मग हानूल कोण करतंय?" समर्थ करणार होता.

पुढच्या वर्षी सिनेमाची सीडी शालिमार चौकात फूटपाथवर मिळायला लागली. झुंबररावांनी आणली आणि शेवटपर्यंत बघितली. हानूल जळत्या पुलावर आला. गेममधल्या जुन्या लढवय्यांकडून उसन्या घेतलेल्या लाथा झाडल्या, हवेत गिरक्या घेतल्या. एकदाही त्याचा अंगठा जमिनीत रुतला नाही. घसरायची भीती असलेला माणूस कसा वळतो, हे त्या पुलावर कुणाला ठाऊकच नव्हतं. मग नावं सरकली, त्यात समर्थ मंडलिक होता.

झुंबररावांनी बेरीज केली. ज्ञानेशला नवं काम मिळालं, शुभांगीला हैदराबाद, समर्थला पडद्यावरची ओळ. त्याने एवढंच भरलं, की त्याला आता मिसळ जात नाही, असं शुभांगी सांगते. खंडेरावांनी पुढच्या नवमीला कशालाच हात लावला नाही. पाट नुसता मांडून ठेवला आणि दिवसभर बाहेर बसून राहिले. झुंबररावांचं खरं त्यांच्या खिशातच धुण्यात गेलं. रोशनीला नाशिकच्या कुठल्या स्टुडिओने, फोटोवाल्यानेसुद्धा, दारात उभं केलं नाही. फिर्याद अजून चालू आहे. तारीख असली की ती सुरगाण्याहून एसटीने येते, नसली की द्राक्षाच्या कामाला टेम्पोत चढते. भागीबाई तिला विचारते, तो कसा वळायचा गं, आणि रोशनी दाखवायला उभी राहते. पहिले काही महिने जमलं. आता ती मध्येच थांबते, पाय कुठला आधी ते आठवत नाही.

सगळ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे भरलं. सगळ्यात जास्त काळूने भरलं. तो आधी एकदा मेलेला होता, म्हणून त्याच्याकडून पुन्हा वसूल करताना कुणाचा हात थरथरला नाही.